माया

यल्लूबाईची मापं माझ्या वहीत आहेत
सहावीच्या गणवेशापासून.
छाती सव्वीस, खांदा साडेअकरा,
आणि समासात तिच्याच अक्षरात :
आक्का, खिसा पायजे. खोल.

पोरीच्या झग्याला खिसा कशाला, तिची आई म्हणाली.
मी लावला. खोल लावला.
काय ठेवणार होती, देव जाणे.

आता ती टिळकवाडीत, पहिल्या गेटाजवळ,
काचेच्या दाराच्या पार्लरात.
छातीवर पितळी पट्टी : एला.
यल्लूतला य आणि मागची बाई
गिऱ्हाइकांना जड जात होती म्हणे.

सकाळी पावणेआठची येळ्ळूरची गाडी,
शून्य रुपयाचं तिकीट.
वडगावचे माग ऐकू येईतो तोंडाला क्रीम,
गोवावेसला लिपस्टिक,
पायातली चप्पल पिशवीत, पिशवीतली सँडल पायात.
उतरते ती दुसरीच.

बर्री, कुंदर्री, एकीला.
या ना, बसा ना, दुसरीला.
तिसरीला इंग्रजी,
म्हणजे नुसतं हसू आणि थोडी मान.
तिन्ही भाषांत नखं घासते.

आमच्यात बायका जातो म्हणतात.
मी जातो, मी येतो, मी शिवतो.
त्यात बाप्याचा आव नाही काही,
आईनं घातलं तसं तोंडात आहे.
खरं पुण्याच्या एका पाहुणीनं
पाय पाण्यात सोडून हसत विचारलं,
"जातो? तू मुलगा आहेस का गं?"

त्या दिवसापासनं ती जाते.
घरी आरशापुढं घोकायची :
जाते, येते, करते, बसते.
मी कन्नडची बाराखडी घोकली होती तशी,
खरं मला निदान छडी होती पुढं.

परवा कोट घालूनच आली. भर उन्हात.
निळा. सांबऱ्याच्या विमानतळावर
काउंटरला पोरी घेणार आहेत,
सोमवारी मुलाखत.
खडेबाजारातला जुना, अडीचशेला.
उलटा केला तर कॉलरच्या आत
लाल दोऱ्यानं कुणाचं तरी नाव. फिलोमिना.

"कुठं पोचली असंल ही, आक्का?"
मी म्हणालो, "उसवू की ठेवू?"
बराच वेळ ती बोलली नाही.
पंखा फिरत होता, दोऱ्यांचे गुंते जमिनीवर सरकत होते.
"असू दे. एकदा आत जाऊन आलेला कोट हाय."

कंबरेत दीड इंच घ्यायचं होतं.
गल्ली म्हणते, पोरीला वारं लागलंय.
आई म्हणते, हातची गेली.
तिच्याच पगारातनं आलेल्या मिक्सरवर
चटणी फिरवत म्हणते,
आवाजात निम्मं ऐकू येत नाही.

मला कुणी विचारत नाही.
मी कापलं नाही. दुमडलं.
शिवणीच्या आत राहतं त्या कापडाला
आमच्या धंद्यात माया म्हणतात.
दोन्ही अंगांनी दोन-दोन बोटं ठेवली,
वरनं इस्त्री फिरवली.
काउंटरच्या पलीकडून दिसणार नाही.
उद्या भरली अंगानं, तर उसवायला जागा.
न भरली तर राहील तिथंच, कुणाचं काय जातंय.

मग खिसे तपासले. सवय.
सुया राहतात, कुणाची औषधं राहतात.
डाव्यात शून्य रुपयांची तिकिटं,
घडी घालून, रबर लावून,
शंभरेक असतील.

"ही कशाला गं?"
तिनं ओढून घेतली हातातनं.
लाजली. आणि आरशाकडं न बघता म्हणाली,
"हिशेब ठेवतो, आक्का."

लगेच जीभ चावली.
मी मशीनचं चाक फिरवलं,
जसं काही ऐकलंच नाही.