ळ कुठे असतो

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले
ते सातपूरहून, टेम्पोत,
कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर बसून.
सहा नग. एकाची किंमत
माझ्या मोबाइलपेक्षा कमी.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्याआधी दोन वर्षं
मी फळ्यावर कीबोर्ड काढून शिकवत होतो.
पोरं खडूच्या चौकोनांवर बोटं दाबायची,
बोटाला पांढरं लागलं की म्हणायची,
सर, झालं टाइप.

चालू व्हायला चार मिनिटं लागतात.
तेवढ्या वेळात मला कळत गेलं
कुणाची आई दिंडोरीला द्राक्षाच्या विरळणीला गेलीय,
कुणाच्या भावाला अंबडच्या कंपनीनं परत पाठवलं,
कोण काल जेवलं नाही.
मशीन वेगवान असतं तर
हे राहूनच गेलं असतं.

मंजुळा भोये, सातवी.
पहिल्या दिवशी तिनं स्वतःचं नाव लिहिलं : मंजुला.
बघत राहिली.
म्हणाली, ही मी नाही.
ळ शोधण्यात अख्खा तास गेला.
मलाही माहीत नव्हता, खोटं कशाला बोलू.
शेवटी तिलाच सापडला,
ल च्याच घरात, वरच्या मजल्यावर.
शिफ्ट दाबून धरली की दार उघडतं.

फेब्रुवारीत नाशिकहून साहेब आले.
पेठचा घाट चढून आलेले, जरा मळमळत होतं त्यांना.
फॉर्म पुढे केला :
संगणकाचा उपयोग काय झाला, एका ओळीत लिहा.
मी लिहिलं, विद्यार्थ्यांमध्ये आवड निर्माण झाली.

दुसरी ओळच नव्हती फॉर्मात.

मंजुळाची आई कामाच्या दर दिवसाला
दारामागे कोळशानं एक रेघ ओढते.
पोरीनं त्या रेघा वहीत आणल्या,
वहीतून रकान्यांत.
तारीख, बाग, हजेरी, रोज.
खाली बेरीज : चव्वेचाळीस दिवस.
मुकादमाच्या डायरीत एक्केचाळीस.

प्रिंटर नाही आमच्याकडे.
तिनं पडद्यावरचं सगळं कागदावर उतरवलं,
रकान्यांच्या रेषासुद्धा, पट्टी लावून,
आणि वर निळ्या पेनानं शाळेचं नाव.

मुकादम हसला.
म्हणाला, स्वस्तातलं मशीन ते, चुकलं असेल.

तिची आई पालकसभेला कधी आलेली नाही,
आली तरी मागे, चपलांजवळ बसेल अशी बाई.
ती म्हणाली,
बरं. मग घरी चला, कोळशाच्या रेघा मोजा.
त्या तर फुकटातल्या आहेत.

दोन दिवसांचे पैसे मिळाले.
तिसऱ्याचं बघू म्हणालाय.

चार नंबरच्या कीबोर्डवर
ल चं अक्षर आता पुसट झालंय.
नवी पोरं विचारतात, ळ कुठे असतो,
तर मंजुळा न बघता बोट ठेवते.
तिचा तक्ता अजून उघडतो कधी कधी,
चार मिनिटं थांबून.
तिसऱ्या दिवसाचा रकाना तिनं
रिकामाच ठेवलाय.
पुसलेला नाही.