कपाळाचं नाक

नागपूरच्या मेडिकलात डॉक्टर वझलवारांनी
केसपेपरच्या मागे पेनानं एक चेहरा काढला.
कपाळाची कातडी अशी सोडवायची, म्हणाले,
भुवईपाशी देठ ठेवायचा, रक्त त्या देठातूनच येतं,
मग वळवून खाली आणायची. हे झालं नाक.
तीन आठवड्यांनी देठ कापू.

पुस्तकला कागदाकडे बघत राहिली.
कोहळ्याच्या वेलावानी, म्हणाली.

ती माझी मोठी जाऊ.
मोहफुलं वेचताना अस्वलानं धरलं तिला,
पहाट होती, टोपली अर्धी भरली होती.
बाकीचं मी सांगत नाही.
गावानं सांगून झालंय,
ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जास्त.

एकवीस दिवस सोंड घेऊन बसली ती खाटेवर.
शेजारी लाखनीची एक पोरगी, स्टोव्हनं भाजलेली,
रोज विचारायची, सिस्टर, डाग जाईल ना?
वर्ष लागतं, सिस्टर सांगायची,
आधी लाल, मग कडक, मग पांढरा.
जात नाही. फिका होतो.
दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा तेच विचारायची,
पुस्तकला भिंतीकडे तोंड करून ऐकायची.

सुट्टीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं:
क्रीम लावून दहा मिनिटं बोटानं दाबावं, दिवसातून तीनदा.
उन्हात जाऊ नये.
अर्जुनीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दोन वाजले होते,
मे महिना, डांबर चपलेला चिकटत होतं.
आम्ही दोघी हसलो.
तिचं हसणं तेव्हा एकाच बाजूनं व्हायचं.

गावात सल्ले तयार होते.
वांगं खाऊ नको, वण चिघळते.
भात पांढरा, पू होते.
धानाच्या गावात भात सोडून खावं काय
ते कोणी सांगितलं नाही.
सासूनं टोळीचं तेल कोमट करून आणलं,
त्याच झाडाच्या बियांचं.
रात्री मी क्रीम लावते, दिवसा ती तेल चोळते,
डॉक्टरला सांगायचं नाही असं ठरलंय.

कपाळावर तिच्या गोंदण होतं, तीन हिरवी टिंबं.
त्यातलं एक आता उजव्या नाकपुडीवर आलंय.
लेझरनं काढता येईल, डॉक्टर म्हणाले.
राहू द्या, ती म्हणाली,
माह्या मायनं पायली भर तांदूळ देऊन केलं ते.

नाकावर माशी बसली की ती कपाळ झटकते.
नसांना अजून जुनाच पत्ता माहीत आहे म्हणे.
बदलेल. किंवा नाही बदलणार.

रेशनच्या दुकानात मोबाईल समोर धरला,
डोळे मिचकवा. पुन्हा. पुन्हा एकदा.
चेहरा जुळत नाही.
दुकानदार तिच्याकडे न बघता म्हणाला,
वहिनी, अंगठाच द्या.

आरसा तिनं मागितला तो दिवाळीनंतर.
कपाळाच्या उभ्या रेघेवरून बोट नेलं,
नाकाच्या कडेनं नेलं, थांबली.
तू त्या दिवशी किती दूर होती व?
तेंदूच्या झाडापाशी, मी म्हणाले.
तेंदूचं झाड तं जवळच हाये.
एवढंच.
आरसा पालथा ठेवला
आणि क्रीमचं झाकण उघडून डबी माझ्याकडे केली.
त्या रात्री मी दहा मिनिटं मोजली नाहीत.

आता पुन्हा मोहफुलं पडताहेत.
चार वाजता ती माझ्या दारात, डोक्याला घट्ट पदर,
काखेत टोपली, हातात तेलाचा रिकामा पिपा.
मी म्हणाले, उजाडू तर दे.
उजाडल्यावर गाईढोरं खातेत, म्हणाली.
वाटेत विचारलं, वास येतो का तुला फुलांचा?
डावीकून येते, ती म्हणाली.
उजवीकून नुसती हवा.
मग पिपा माझ्या हातात दिला.
वाजवत राय.