मंगळवारची सभा

मंगळवारी आमच्या गावातून कुणी होडी लोटत नाही.
घानाच्या ह्या किनाऱ्यावर तो दिवस समुद्राचा, त्याचा एकट्याचा.
म्हणून पालक-शिक्षक संघाची सभा मंगळवारीच,
चार वाजता, कडुनिंबाखाली,
म्हणजे साडेपाचला.

मी चिटणीस. एरवी गणवेश शिवते.
अध्यक्ष म्हणाले होते, अराबाचं अक्षर टाक्यांसारखं सरळ,
वही तिच्याकडे द्या.
तेव्हापासून दोन वर्षं
लोकांचे राग मी सरळ ओळीत बसवते आहे.
‘बाकांबाबत चर्चा झाली.’
‘वर्गणीबाबत काही पालकांनी नाराजी व्यक्त केली.’
नाराजी!
क्वामिना ओटूनं टेबलावर चप्पल आपटली होती,
ती घडी घालून मी ह्या शब्दात ठेवून दिली.

त्या मंगळवारी अबा न्यारकोआ आली
थेट धुरावरून, मासे भट्टीत तसेच सोडून,
डोळे लाल.
डोक्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी
तिनं टेबलावर उघडलं.
बाकाचा पाय.
‘हा माझ्या तीन सत्रांच्या वर्गणीचा,’ म्हणाली,
‘बाकी बाक कुठे आहे ते तुम्ही सांगा.’

खजिनदार उठले. पावत्या आहेत म्हणाले.
लाकडाचे भाव म्हणाले, सुतार म्हणाले, मागचा पाऊस म्हणाले.
प्रत्येक उत्तराबरोबर ती एक पाऊल पुढे येत होती.

शिवणकामात मला एवढं एकच कळलंय:
गिऱ्हाईक ओरडत आलं
की आधी कपडा हातात घ्यायचा.
कुठे उसवलंय ते तिलाच दाखवू द्यायचं.
कात्री लांब ठेवायची, तोंडातली टाचणीसुद्धा.

मी पेन खाली ठेवलं, पाय हातात घेतला.
ओलं, हलकं लाकूड. अंगठ्याचं नख
सहज आत गेलं.
‘कधी मोडला गं?’
आणि मग ती पायाबद्दल बोललीच नाही.
म्हणाली, एबो हल्ली घरीही उभ्यानंच जेवतो.
बस म्हटलं तर म्हणतो, सवय झालीय.

मागून कुणीतरी विचारलं,
अगदी हळू,
‘आपण बसलोय त्या खुर्च्यांचं भाडं कोण भरतं?’
जांभळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या,
पाठीवर मयताच्या मांडववाल्याचं नाव.
सगळे अध्यक्षांकडे बघत होते.
मला पान ठाऊक होतं. एकतिसावं.
‘संकीर्ण खर्च’, माझ्याच सरळ अक्षरात.
मी वही फिरवून त्यांच्यापुढे धरली.
हात कापत होता, खोटं कशाला सांगू.

पुढची सभा चौथीच्या वर्गात.
खुर्च्या नाहीत.
गुडघे हनुवटीला टेकलेले मोठे मोठे लोक
पोरांच्या बाकांवर,
अध्यक्षांचा बाक एका अंगाला कलंडणारा,
आणि दीड तास
तो कोपरा क्वामिना ओटूनं पावलावर तोलून धरलेला.
चप्पल तीच.

मी मागचं इतिवृत्त वाचलं.
‘अबा न्यारकोआ यांचा मुलगा उभ्याने जेवतो.’
खजिनदार म्हणाले, हे इतिवृत्तात कशाला, हे घरगुती आहे.
अध्यक्षांनी विचारलं, कायम करायचं?
कुणाचाच हात वर होईना.
मग अबाचाच झाला.
‘वाक्य कायम करा,’ म्हणाली,
‘पोराचं उभं राहणं नको.’

नऊ बाक दुरुस्त झाले. दोन राहिलेत.
एकशे चाळीस सेदी अजून कुठल्याच पानावर सापडत नाहीत.
अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत,
नातीचा गणवेश मात्र बायकोच्या हाती
माझ्याकडेच पाठवतात, उंची वाढवायला.

तो पाय माझ्याकडेच राहिला.
वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला
की दुकानाच्या दाराला लावते.