कसर

नईमुल्ला संत्र्याच्या पेटीत घेऊन आला ते पुस्तक.
वर पोत्याचा तुकडा, आत कडुनिंबाचा पाला.
"मॅडम, तुम्ही गणिताच्या. एवढं पाहून द्या.
पणजोबांचं आहे. अचलपूरहून आलं,
त्याआधी कुठून, अल्ला जाणे."

पहिल्याच पानावर किड्यांच्या राजाचं नाव:
या कबीकज.
लिहिणाऱ्यानं अदबीनं हाक मारून ठेवलेली,
की महाराज, हे घर तुमच्या ओळखीचं,
तुमची माणसं इकडं पाठवू नका.
हाकेतला शेवटचा 'ज' खाल्लेला होता.

मग ग्रहांची बिऱ्हाडं, कोणत्या घटकेला कोणता धूप,
जिन्नांचे सात राजे, सात वार वाटून घेतलेले
आमच्या शाळेतल्या खिचडीच्या तक्त्यासारखे.
नईमुल्ला अडखळत वाचायचा. अर्थ त्यालाही अर्धाच.
मी नुसत्या चौकटी पाहत होते.
तीन घरं आडवी, तीन उभी.

ही चौकट मी मातीवर पाहिली आहे.

माय दाई होती.
पाणी न लागलेल्या कोऱ्या गाडग्याच्या दोन खापऱ्या
तिच्या पिशवीत, चिंधीत बांधलेल्या.
हकीमसाहेबांनी आकडे घालून दिलेले.
अडलेल्या बाईच्या टाचांखाली एकेक सारायची,
आडवे पंधरा, उभे पंधरा, तिरपे पंधरा,
आणि चार कोपऱ्यांची चार अक्षरं मोठ्यानं म्हणायची:
बदूह.
मायला ते 'बुद्ध' ऐकू आलं.
जन्मभर ती तेच म्हणत राहिली
आणि कुणी तिला दुरुस्त केलं नाही, हकीमसाहेबांनीही नाही.

घरातले देव तिनं सापन नदीत सोडले होते, टोपलीसकट.
ताईत, अंगारा, बोकडाचा नवस, सगळं गेलं.
खापऱ्या गेल्या नाहीत.
विहारातल्या माणसांनी टोकलं तर म्हणाली,
"हा देव नाही होय भाऊ, हिसाब होय."

मी चौथीत होते. खापरी पाटीवर उतरवली.
मायनं एकेक आकडा बोट ठेवून सांगितला,
सात म्हणजे बाभळीची बेचकी, आठ म्हणजे तीच उलटी.
मधला सांगायचा राहिला. नुसता गोल.
मी शून्य धरला
आणि मधून जाणाऱ्या चारी ओळी दहावर येऊन थांबल्या.
"माय, तुह्या हिसाबात पाचाची कसर हाय."
ती चुलीत काडी सारत म्हणाली,
"पोट्टे तं झाले ना वो बायायचे."

सुगरायचं झालं नाही.
मेळघाटातून बैलगाडीनं उतरवलेली, दोन दिवस अडलेली.
टाचांखाली पंधरा बरोबर होते.
त्या रात्री माय अंगणात खापऱ्या धुवायला बसली
आणि हात पाण्यात घालून तशीच राहिली.
धुतल्या तर आकडे जातील.
नाही धुतल्या तर रक्त राहील.
पुढं काय केलं ते माहीत नाही. मी झोपून गेले.
नंतर ती बायांना एसटीनं परतवाड्याला नेऊ लागली,
सरकारी दवाखान्यात. पिशवी तीच.
आत काय होतं, मी कधी उघडून पाहिलं नाही.

नईमुल्ला पान पुढं करतो.
कसर पुठ्ठ्यातून शिरली ती पार पलीकडच्या पुठ्ठ्यापर्यंत,
एकच बोगदा,
आणि या चौकटीत नेमकी मधल्या घरातून गेली आहे.
"इथं काय होतं, काढून द्या ना. पेन्सिलीनं चालेल."

पंधरातून दोन आणि आठ वजा.
माझ्या वर्गातलं शेंबडं पोरगंही सांगेल.
मी पेन्सिलीला टोक करते. मग विचारते,
तुमच्यात पाच कसा काढतात?
तो बोटानं हवेत काढून दाखवतो:
गोल.

भोकातून खालच्या पानाचं भोक दिसतं,
त्याखाली आणखी एक,
आणि तळाशी पेटीची फळी,
तिच्यावर कुणाच्या तरी बागेचं अर्धं नाव.

राहू द्या, मी म्हणते.
आहे तिथं.