निम्म्या वेगाने

लॅमिंग्टन रोडचं दुकान आवरताना
माळ्यावरून निघाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत जपानी वर्तमानपत्राचा बोळा,
बोळ्यात फेराइटच्या कड्या,
काळ्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या,
दोन-दोनच्या जोड्या, तांब्याच्या तारेने गुंडाळलेल्या.

बाबा बोटीवर रेडिओ ऑफिसर.
अठ्ठावन्न साली योकोहामात बोट दुरुस्तीला अडकली,
तेव्हा कुणा मोरिशितांनी प्रयोगशाळा दाखवली होती.
व्हॉल्व्ह महाग, त्यात रोज एखादा जळायचा.
ट्रान्झिस्टर परवडेना, आणि भरवसाही नव्हता त्याचा.
म्हणून ते लोक कड्यांना तार गुंडाळत बसले.
म्हणजे बसल्या:
एका बाकावर चौदा मुली,
खिडकीकडे तोंड, बोटांना चिकटपट्ट्या.
मोरिशितांची धाकटी बहीण डावीकडून तिसरी.

"याने गणित कसं करतात?" मी विचारलेलं, नऊ वर्षांची असताना.
बाबांनी गिरगावात यमुमावशीच्या झोपाळ्यावर
मला उभी केली.
"टोकाला गेलीस की खाली बस. मध्ये आलीस की ऊठ."
कुणी ढकललं नाही, तरी झोका चढत गेला.
"बघ, दोनदा ऊठबस, तेव्हा एक झोका.
आता सांग, मी टाळी वाजवली तेव्हा कुठे होतीस?
भिंतीकडे? मग शून्य.
खिडकीकडे? मग एक.
बाकी झोका तोच."
आणि तीन झोपाळे मिळून चौथ्याला हलवायला लागले तर?
"दोघं जिकडे, चौथा तिकडे."
यमुमावशी आतून ओरडली,
कड्या तुटतील माझ्या.

अशा हजारो जोड्यांचं एक कपाट.
वीज खायचं, तापायचं, सावकाश चालायचं,
पण चालायचं.
मग ट्रान्झिस्टर स्वस्त झाले.
चौसष्टच्या पत्रात मोरिशिता लिहितात:
कपाट भंगारात गेलं, मुली टीव्हीच्या कारखान्यात.
उरलेलं पाठवतो आहे.
कस्टमच्या कागदावर बाबांनी लिहिलं,
मणी. किंमत नाही.

मी या रस्त्यावर अडतीस वर्षं
कॅल्क्युलेटर उघडले, व्हीसीआर उघडले,
आता मोबाइल, ते उघडतसुद्धा नाहीत नीट.
आज शटर अर्धं ओढून
एका जोडीला कपॅसिटर लावला, बायस दिला,
जनरेटरचं बटण हळूहळू फिरवलं.
काही नाही.
अजून थोडं.
आणि पडद्यावर हिरवी लाट उभी राहिली,
मी देत होते त्याच्या निम्म्या वेगाने.

बंद केलं, चालू केलं. भिंतीकडे.
बंद, चालू. भिंतीकडे.
बंद, चालू. खिडकीकडे.

समोरच्या बोहऱ्याने विचारलं, बाई, घरी नाही जायचं?

चार जोड्या चालल्या.
पाचवी नाही.
भिंगाखाली धरली, तर तार मध्येच तुटलेली,
आणि तिथे एक गाठ,
घाईत मारलेली,
कुणी बघायच्या आत.