एआल्लू

जानेवारीत पाऊस पडला. पडायला नको होता.
मग एका रात्रीत उणे तीस,
आणि काउतोकेइनोच्या सगळ्या पठारावर
जाड, दुधी काच.

मी ट्रॉम्सोहून गेले, नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन.
अकरा पानं. रकाना सहा :
कळपातील जनावरांची संख्या.

"हे विचारत नाहीत,"
स्नोमोबाइलच्या टाकीत पेट्रोल ओतता ओतता
रिस्तेन म्हणाली.
"तुझ्या बँकेत किती आहेत, विचारू?"
तिचे वडील, यॉव्ना, हसले नाहीत.
त्यांनी माझ्या कॉफीत वाळल्या मांसाचा तुकडा टाकला
आणि कप पुढे सरकवला.

सहावा रकाना सोडून मी सातव्यावर पेन टेकवलं.
कळप. नॉर्वेजियनमध्ये फ्लॉक.
मेंढ्यांना चालतो, पाखरांना चालतो,
शाळेतून सुटलेल्या पोरांनाही.
कुठून आला, जाणत्यांचं एकमत नाही.
आगापिछा नसलेला शब्द,
सरकारी कागदाला बरा.

"आमच्यात एआल्लू," यॉव्ना म्हणाले.
म्हणजे?
"म्हणजे एआल्लू."
प्रश्नच त्यांना कळला नव्हता. पाणी म्हणजे काय,
असं कुणी विचारतं का?

मग रिस्तेननं उलगडलं, हातमोज्यानं नाक पुसत :
एआल्लित म्हणजे जगणं.
एआल्लिन, आयुष्य.
त्याच मुळावर एआल्लू.
जो जगतो तो, की ज्याच्यावर आपण जगतो तो,
यावरून तिच्या शाळेतल्या बाईंचं आणि वडिलांचं
कधी पटलं नाही.

"आणि थोडेच उरले तर?"
"तर चोरा. लहान कळप."
माझ्या कानानं भलतंच ऐकलं.
तिला सांगायला गेले, की माझ्या भाषेत
ही हाक आहे, पळून जाणाऱ्याच्या पाठीवर मारलेली.
सांगितलं नाही.

दुपारी बाराला निळा उजेड आला, तासाभरासाठी.
आम्ही टेकडीखाली थांबलो, इंजिन बंद करून.
दिसायच्या आधी ऐकू आले ते :
टक्, टक्, टक्,
प्रत्येक पावलाला घोट्यातली शीर हाडावरून सरकते,
म्हणे अंधारात एकमेकांना धरून राहायला.
किती, ते मी मोजलं नाही.
एक मादी खुरानं बर्फ खरवडत होती.
खाली शेवाळ होतं, वीतभर खाली,
काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं.
खरवडायची, नाक लावायची, पुन्हा खरवडायची.
नाकाला रक्त.
यॉव्नांनी गोणी फोडली, कारखान्यातलं खाद्य ओतलं.
तिनं हुंगलं आणि परत काचेकडे वळली.

तेव्हा तोंडात आला एक शब्द,
वीस वर्षं वापरला नव्हता : जित्राब.
गोठ्याच्या दारातून उच्चारायचा शब्द, शेण-मुताच्या वासाचा;
शहरात शिकलेल्या तोंडाला जरा लाजवणारा.
त्याची व्युत्पत्ती मला ठाऊक नाही.
पण त्यात काहीतरी जितं आहे, कानाला लागतं,
आणि कान खोटं बोलला तरी
आज मी त्याच्याच बाजूची.
मोठ्यानं म्हटला. रिस्तेननं विचारलं, काय?
म्हटलं, एआल्लू. आमच्याकडचा.
तिनं दोनदा म्हणून पाहिला. "ब" तिला जड गेला.

संध्याकाळी यॉव्नांनी दोरा काढला,
गेल्या उन्हाळ्यात पाडसांच्या कानांवर खूण कापताना
उरलेले इवले तुकडे त्यात ओवलेले, सुकून काळे झालेले.
बोटांनी एकेक सरकवत राहिले, ओठ न हलवता.
मी खिडकीकडे तोंड केलं.
काचेत दोरा दिसत होता, म्हणून डोळेही मिटले.

अर्ज पुढच्या आठवड्यात परत आला.
सहाव्या रकान्याभोवती पिवळी खूण.