बारा बटणांचा बोर्ड

विडी घरकुलातल्या त्या खोलीत बोर्ड मीच बसवला.
बारा बटणं, पांढरीशुभ्र, एका रांगेत,
लेव्हल लावून, एक डोळा मिटून बघितलेली,
केसभर इकडंतिकडं नाही.
जावई म्हणाला, "मल्लिनाथ मिस्त्री, काम म्हणजे काम."
मीही जरा लांब जाऊन बघितलं दोनदा,
पैसे मोजले
आणि सायकलला टांग मारली.

चैत्र संपत आलेला. रात्री दहालाही भिंत तव्यासारखी.
जळलेली फ्यूज बांधायला बोलावलं होतं.
बांधली, आणि राजव्वा अंकम
पंखा लावायला उठली.

पहिल्या बटणाला बेल वाजली,
शेजारचं पोर दार उघडून बघून गेलं.
दुसऱ्याला मोरीतला दिवा.
तिसऱ्याला काहीच नाही.
चौथ्याला टीव्ही गेला, जावयानं "च्" केलं.
मग ती घाबरली, आणि घाबरलेला हात
चालू केलेलं बंद आणि बंद केलेलं चालू
करत करत पुढं सरकला.
पंखा नववा होता.

हसून म्हणाली,
"वय झालं की ओ. ध्यानातच राहत नाही मेलं."

ही बाई दिवसाला हजार विड्या वळते.
पान, तंबाखू, दोरा, सगळं न बघता.
पंचवीसच्या कट्ट्यात चोवीस आल्या
तर आधी तिच्या अंगठ्याला कळतं, मग तिला.
त्या हाताला मी
बारा सारख्या दातांची कवळी दिली होती,
आणि चावता येत नाही म्हणून
ती स्वतःलाच बोल लावत होती.

घरी येताना सायकल जड चालली.

माझा बाप टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता.
मागाला दांडा एकच.
ओढला की चालू, ढकलला की बंद.
लाइट गेलेल्या शेडमध्ये, कानठळ्या बसलेल्या असताना,
त्याच्या कोपराला कळायचं माग कुठल्या अंगाला आहे ते.
त्यावर कुणी कधी कागद चिकटवला नाही.
आता नव्या दवाखान्याची लिफ्ट बघा,
दार उघडायचं बटण आणि मिटायचं
जुळे भाऊ, एकाच कापडाचे शर्ट घातलेले.
बाळंतिणीची आई धावत येणाऱ्या नातवासाठी
उघडायला जाते आणि मिटवून बसते.
खाली तीन मजले ती स्वतःला अडाणी म्हणत जाते.
मी होतो त्या लिफ्टमध्ये. मीही तेच दाबलं असतं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं नसताना गेलो.
बोर्ड उघडला, आतून वायरी फिरवल्या.
दाराकडचं बटण दाराकडच्या दिव्याला,
मोरीकडचं मोरीला,
खोली जशी आहे तशी
भिंतीवर उतरवून ठेवली, लहान करून.
बेल बाहेर नेली, जिथं पाहुणा उभा राहतो.
(आत ठेवून तेव्हा मी अडीच मीटर वायर वाचवली होती.
कुणी विचारलं नाही. मी आता सांगतोय.)
आणि पंख्याच्या बटणावर
एम-सीलचा एक दाणा चिकटवला, ज्वारीएवढा.

जावई म्हणाला, "शोभा गेली की ओ, मिस्त्री."
"गेली की," मी म्हणालो.

राजव्वानं डोळे मिटले.
बोटं रांगेवरून फिरवली, दाण्यापाशी थांबली.
"इदे, इदे," पुटपुटली आपल्या तेलुगूत,
आणि सूप पुढ्यात ओढून
परत पानं कापायला बसली.
चहा विचारायची विसरली. बरं वाटलं.

माझ्या घरी, कपाटामागं, एक बटण आहे.
चौदा वर्षं झाली. कशाचं ते ठाऊक नाही.
अक्कलकोटला माहेरी निघाली की बायको
गॅसच्याही आधी ते बंद करते.
एकदा हसलो, तर म्हणाली,
"असू द्या. ज्यानं लावलंय
त्यानं काय उगाच लावलं असेल?"

ते मीच लावलंय
हे अजून तिला सांगितलेलं नाही.